लालसर डागांचं समाधानकारक स्पष्टीकरण

‘आरोपीच्या शर्टावर मिळून आलेल्या लालसर डागांचे समाधानकारक स्पष्टीकरण आरोपी देऊ शकलेला नाही.’

माझ्या धाकट्या भावाला दोन वर्षांची सक्तमजुरी सुनावणाऱ्या निकालपत्रातलं हे वाक्य. अठरावं पान, वरून तिसरा परिच्छेद. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तालुक्याच्या कोर्टाबाहेर मोटारसायकली लावतात तिथं उभी होते, आणि माझ्या तोंडून असा शब्द गेला की शेजारचा पोलीस शिपाई मान वळवून बघायला लागला. बघू दे. त्या दिवशी मी कुणाची भीडभाड ठेवण्याच्या अवस्थेत नव्हते. जामिनाचे कागद होईपर्यंत भावाला आत बाकावर बसवून ठेवलं होतं, त्याची बायको पदर तोंडात धरून भिंतीला टेकली होती, आणि मी उभ्या उभ्या निकाल वाचत होते. वाचायची मला सवय आहे. कोल्हापुरात, शाहूपुरीत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. बावीस वर्षं लोकांचे अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं टाईप करत आले आहे. सरकारी मराठी मला तोंडपाठ आहे. तरी या एका वाक्यानं माझं डोकं जे फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही.

कारण ते डाग कसले होते हे त्या कोर्टात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पोलिसांना, दोन्ही वकिलांना, साक्षीदारांना, शिरस्तेदाराला, बाहेर चहा देणाऱ्याला. तो गुलाल होता.

आमचं गाव कोल्हापूरच्या दक्षिणेला, सीमेच्या अंगाला. ग्रामपंचायतीची मतमोजणी झाली आणि भाऊ ज्या पॅनेलबरोबर होता ते पॅनेल निवडून आलं. भाऊ काही पुढारी नव्हे. दुधाच्या टँकरवर बदली ड्रायव्हर, कायम होण्याची वाट बघत बसलेला. मतदानाला बूथवर एजंट म्हणून बसला होता, एवढंच त्याचं राजकारण. दुपारी निकाल लागला आणि तीनच्या सुमाराला मिरवणूक निघाली.

आमच्याकडची मिरवणूक ज्यानं बघितली नाही त्याला सांगायला हवं. निवडून आल्याचा गुलाल म्हणजे कपाळाला चिमूटभर लावायचा गुलाल नव्हे. जेसीबीचं बकेट पोती फोडून गुलालानं भरतात, दोन मजले वर उचलतात आणि खाली नाचणाऱ्यांच्या अंगावर पालथं करतात. मग परत भरतात. पहिल्या चौकातच माणसाचे दात आणि डोळ्यातलं पांढरं तेवढं दिसायला लागतं, बाकी सगळा गुलाबी. शर्टाचा रंग कळत नाही, दाढी-मिशी कळत नाही, म्हातारा की तरणा कळत नाही. बायका आपला नवरा आवाजावरून शोधतात. पुढं चार दिवस नाक शिंकरलं तरी गुलाबी येतं. याचं कुणालाही नवल वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं.

मिरवणूक पडलेल्या पॅनेलच्या प्रमुखाच्या दारात आली. तिथं मुद्दाम थांबवली, हेही कुणी नाकारत नाही. जेसीबीवाल्यानं बकेट त्यांच्या पायऱ्यांवरच पालथं केलं. ते गृहस्थ, साठीच्या आसपासचे, आईबहिणीवरून शिव्या देत खाली उतरले. ढकलाढकली झाली. त्या गर्दीत कुणीतरी काठी घातली. डोक्याला आठ टाके पडले, डाव्या हाताचं हाड मोडलं. वाईट झालं, फार वाईट झालं. म्हातारा माणूस, स्वतःच्या दारात. ज्यानं मारलं त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

मी त्या वेळी दुकानात होते. भावाच्या बायकोचा फोन आला तो तीन दिवसांनी, पोलीस त्याला घेऊन गेले तेव्हा. “वन्सं, ह्यांना न्हेलं,” एवढंच ती बोलली.

आता हे नीट ऐका. त्या गृहस्थांनी दवाखान्यातून पहिली फिर्याद दिली तिच्यात लिहिलं होतं, ‘चार ते पाच अनोळखी इसम’. दोन दिवसांनी पुरवणी जबाबात, ‘नंतर लोकांकडून समजली’ म्हणून, पाच नावं आली. पाचही आमच्या बाजूचे बूथ एजंट. म्हणजे यादी कुठून उतरवली ते कळायला टायपिंग यायची गरज नाही. आणि त्यांच्या घरी तेव्हा त्यांचा जावई आला होता, निपाणीकडचा. गावात कुणाला ओळखत नव्हता. तो म्हणाला, मी मारणाऱ्याला बघितलंय, समोर आणला तर ओळखीन.

पाच आठवड्यांनी ओळख परेड झाली. आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर माणसांच्या रांगेत उभं करायचं आणि साक्षीदारानं बोट दाखवायचं, अशी ती पद्धत. पाच जणांची झाली. चार जणांना जावयानं ओळखलं नाही, ते सुटले. माझ्या भावावर बोट ठेवलं. मधल्या काळात भावाचा फोटो ‘आरोपी ताब्यात’ म्हणून गावाच्या ग्रुपवर फिरत होता. मी स्वतः बघितला होता, लोक खाली हसण्याची चित्रं टाकत होते. जावयाच्या सासुरवाडीत तो फोटो पोचला नसेल का? पण ते सिद्ध करायला कागद नव्हता. आणि कोर्टात जे कागदावर नाही ते झालंच नाही असं असतं, हे मी हळूहळू शिकले.

खटला चार वर्षं चालला. त्या जावयाची साक्ष झाली त्या दिवशी मी मुद्दाम पहिल्या बाकावर जाऊन बसले. मला त्याचा चेहरा वाचायचा होता. खोटं बोलणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे, माझ्या दुकानात रोज चार येतात. हा तसा नव्हता. साधा, शेतीभाती करणारा, शर्टाचं वरचं बटण लावलेला माणूस. पिंजऱ्यातून त्यानं भावाकडं बघितलं आणि म्हणाला, “ह्योच त्यो. मी ह्याचं त्वांड इसरणार न्हाई.” आणि तो खरंच मनापासून बोलत होता. मला त्याचा तिरस्कार करायचा होता आणि तो पुरता करता येईना, म्हणून आणखी संताप आला. लबाडाला उलटतपासणीत उघडं पाडता येतं. ज्याची स्वतःचीच खात्री पटलेली आहे त्याला काय विचारणार?

आमचे तेव्हाचे वकील गावातलेच. त्यांनी विचारलं, किती अंतरावरून बघितलं? दहा फूट. उजेड होता का? दुपारचे चार, लख्ख ऊन. चष्मा आहे का? नाही. आरोपीशी पूर्वीचं भांडण? नाही, ओळखतही नव्हतो. वकील असे प्रश्न विचारत गेले आणि समोरच्याची साक्ष दर उत्तराला जास्त पक्की होत गेली. निकालात मग ते तसंच आलं. भर दिवसा, दहा फुटांवरून, वैर नसलेला साक्षीदार. त्या चेहऱ्यावर काय होतं, हे चार वर्षांत कुणीही विचारलं नाही.

आणि मग तो आरोपीचा जबाब. साक्षीपुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला एकेक गोष्ट विचारतात, तुझ्याविरुद्ध असं असं आलंय, तुझं काय म्हणणं आहे. आरोपीला स्वतःच्या तोंडानं बोलायची ती एकच जागा. आदल्या दिवशी वकिलांनी भावाला बजावलं, “सायब काय बी इचारू देत, ‘खोटं हाय’ म्हणायचं. न्हाईतर ‘म्हाईत न्हाई’. जास्त बोललास की अडकलास.” सगळेच वकील असं सांगतात. सगळेच आरोपी तसं म्हणतात. एकेचाळीस प्रश्न होते. मी मागं बसून ऐकत होते. खोटे आहे. खोटे आहे. माहीत नाही. खोटे आहे.

सत्तावीस नंबरचा प्रश्न : तुमच्या घरातून जप्त केलेल्या पांढऱ्या शर्टावर लालसर डाग मिळून आले, त्याबाबत काय सांगायचे आहे?

“खोटे आहे.”

गुलाल हाय साहेब, तीन शब्द! एवढं म्हणाला असता तर ते कागदावर आलं असतं. पण तो पढवलेलं बोलला. मीही मागं बसून मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं, अडखळला नाही. दुसऱ्यांना काय बोल लावू? माझ्याही डोक्यात आलं नाही.

शिक्षा लागली तेव्हा अपिलासाठी मुदत मिळाली, शिक्षेला तात्पुरती स्थगिती मिळाली, भाऊ जामिनावर घरी आला. टँकरवरचं काम गेलं नव्हतं, पण कायम करण्याचा विषय थांबला. “कोर्टातनं मोकळा झालास की ये,” असं त्याला दूध संघातल्या साहेबांनी सांगितलं होतं, आणि त्यांचंही चूक म्हणता येत नाही. अपील फेटाळलं असतं तर दोन वर्षं आत, नोकरी कायमची गेली, आणि मुलगी तोपर्यंत दहावीला आलेली. मी ठरवलं, आता वकील माझ्या ओळखीचा.

शाहूपुरीत माझ्या दुकानामागच्या गल्लीत एका वकीलबाईंचं ऑफिस आहे. त्यांचं टायपिंग मी दहा वर्षं करते. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. मी निकालपत्र त्यांच्या टेबलावर टाकलं आणि गुलालाचं सगळं एका दमात सांगितलं. आवाज चढला होता, बाहेरचा कारकून दारात येऊन उभा राहिला. वकीलबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“कुठं लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“गुलाल. कुठल्या साक्षीत, कुठल्या पंचनाम्यात?”

“लिहायचं काय त्यात बाई? मिरवणुकीत गुलाल नसतो तर काय असतं?”

“अपिलात आपल्याला नवीन गोष्ट सांगता येत नाही. खालच्या कोर्टात जे कागद झाले, तेवढ्यावरच बोलायचं. त्यात गुलाल असेल तर मी बोलते. नसेल तर तुम्ही आणि मी दोघी कितीही ओरडलो तरी उपयोग नाही.” मग म्हणाल्या, “आणि एक लक्षात ठेवा. त्यानं मारलं की नाही, हा आपला प्रश्नच नाही. सरकार पक्षानं ते सिद्ध केलं का, एवढाच आपला प्रश्न.”

मला हे ऐकून फार हायसं वाटलं. का वाटलं, ते मी तेव्हा बघितलं नाही.

पंचनामे पोलिसांच्या हस्ताक्षरात, कार्बनच्या तिसऱ्या प्रतीसारखे पुसट. वकीलबाई म्हणाल्या, सगळं स्वच्छ टाईप करून द्या. मी दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसलं की बसायची. टाईप करणारा माणूस वाचत नाही असं लोकांना वाटतं. उलट आहे. वाचणारा वाक्य उडी मारून पुढं जातो, टाईप करणाऱ्याला अक्षर न् अक्षर बोटातून काढावं लागतं. एकशे चाळीस पानं मी अशी बोटातून काढली आणि पानागणिक माझं रक्त तापत गेलं.

घटनास्थळ पंचनामा : ‘रस्त्यावर ठिकठिकाणी लालसर रंगाचे डाग दिसून येत आहेत, पैकी मातीचा नमुना घेऊन पिशवी सीलबंद केली.’ अरे देवा. सगळा रस्ता बोटभर गुलालात होता. पंच गावातले, हवालदार शेजारच्या गावचा, स्वतःच्या बुटांना गुलाल लागलेला असणार, आणि लिहिलं काय, तर लालसर डाग. त्या मातीत आणि शर्टावर रक्त आहे की नाही हे निश्चित सांगता येत नाही, असा प्रयोगशाळेचा अहवाल. तोही फायलीत लावलेला, आणि निकालात त्याचा उल्लेख नाही! जप्त केलेली काठी कुठली, तर आमच्या गोठ्यातली, म्हशी हाकायची. तिच्यावर रक्त नाही, शेण होतं. आमच्या गल्लीत शोधली असती तर अशा काठ्या पंधरा निघाल्या असत्या. एवढ्यावर माणसाला दोन वर्षं आत घालायचं?

गुलाल हा शब्द मात्र कुठंही नव्हता. फिर्यादीत नाही, जबाबांत नाही, साक्षींत नाही. फिर्यादीत फक्त ‘विजयी मिरवणूक’. ज्यानं लिहिलं आणि ज्यानं सांगितलं, दोघांनाही वाटलं की त्यात सगळं आलं. मला स्क्रीनवर काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणीच सांगितली नाही, आणि तिच्यामुळं माझा भाऊ आत चालला होता.

मग दवाखान्याचा दाखला आला. जखमेचं वर्णन इंग्रजीत, डॉक्टरी अक्षरात. मी भिंग लावून एकेक शब्द काढत होते. टाळूवर इतक्या लांबीची जखम, डाव्या हाताला सूज. आणि त्याच्या वर एक ओळ. चेहरा, केस आणि मान गुलाबी रंगाच्या भुकटीने पूर्ण माखलेली, धुऊन काढल्यावर जखम दिसली, मग टाके घातले.

मी खुर्चीवरून उठले. परत बसले. परत वाचलं.

डॉक्टर विदर्भातला होता, नोकरीला नवा, आमच्या भागात येऊन महिनाही झाला नव्हता. त्याच्या साक्षीत ते आलेलं होतं. त्यानं असला माणूस आधी बघितला नव्हता, म्हणून जे दिसलं ते लिहिलं. साऱ्या फायलीत हा एकटाच माणूस आमच्या भागाबाहेरचा आणि हा एकटाच डोळे उघडे ठेवून बसलेला. त्याला गुलाल हे नावही सुचलं नव्हतं, पण मला त्या नावाची गरज नव्हती. मार खाणारा माणूस पायऱ्यांवरून नुकता उतरला होता, तरी तोंड दिसेनासं माखलेला. मग तासभर बकेटाखाली नाचलेल्यांची तोंडं कशी असतील?

ते पान मी घेतलं आणि थेट पहिल्या वकिलांकडं गेले. वकीलबाईंकडं नंतर. एवढी मी तापलेली होते. ते पक्षकारांना बाहेर बसवून जेवत होते.

“वकीलसाहेब, त्या दिवशी तुमच्या तोंडाला काय होतं?” मी दारातूनच विचारलं.

“कुठल्या दिवशी?”

“निकालाच्या. तुम्ही नाचत होता मिरवणुकीत.”

“गुलाल व्हता की. समद्यांच्याच व्हता.”

“मग जावयाला विचारलं का नाही, मारणाऱ्याच्या तोंडाला काय होतं म्हणून?”

त्यांचा घास हातात तसाच राहिला. मी पान समोर धरलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

“म्याडम,” ते म्हणाले, “आता त्ये काय इचारायचं असतंय?”

मी खूप बोलले. काय काय बोलले ते आता आठवत नाही आणि आठवलं तरी लिहिणार नाही. ते ऐकून घेत राहिले. शेवटी मीच दमले आणि बाहेर आले. परत येताना एसटीत कळत होतं की माझा सगळा राग त्या एका वाक्यापाशी अडून बसतोय. ते काय विचारायचं असतंय. मीही तेच म्हटलं होतं वकीलबाईंना.

अपिलाची सुनावणी कोल्हापूरला झाली, सेशन्स कोर्टात. चार वर्षांचा खटला, आणि अपिलावरचं बोलणं एका दुपारचं. वकीलबाईंनी मोठा आवाज केला नाही. त्यांनी दाखल्यातली ती ओळ वाचली. मग पहिली फिर्याद वाचली आणि म्हणाल्या, “फिर्यादी त्या गावात जन्मले, त्याच गावात साठ वर्षं राहिले, दोनदा सरपंच झाले. त्यांना स्वतःच्या दारात, दुपारी चार वाजता, मारणारे ‘अनोळखी’ का वाटले?”

न्यायाधीशांनी सरकारी वकिलांकडं बघितलं. “हो, अनोळखी कसे?”

सरकारी वकील कागद चाळायला लागले. ते कागद मी दोनदा टाईप केलेले, त्यात उत्तर नाही हे मला माहीत होतं. साठ वर्षं शेजारी राहिलेला माणूस ज्यांना ओळखू शकला नाही, त्यांच्यातल्या एकाला निपाणीचा पाहुणा पाच आठवड्यांनी, तोंड धुतलेलं असताना ओळखतो! न्यायाधीशांनी दाखला मागवून घेतला, स्वतः वाचला, बाजूला ठेवला आणि पुन्हा उचलून वाचला. बाकी बोलणं झालं ते शर्टाचं आणि काठीचं. जबाबातल्या ‘खोटे आहे’वर सरकारी वकील जरा जोर लावायला गेले, तर न्यायाधीश म्हणाले, आरोपीनं गप्प बसल्यानं पुरावा तयार होत नाही.

तीन आठवड्यांनी निकाल. शिक्षा रद्द. ओळख विश्वासार्ह नाही, इतर पुरावा दोषसिद्धीस अपुरा, सबब आरोपीस संशयाचा फायदा देऊन मुक्त करण्यात येत आहे.

भावाची बायको तिथंच रडायला लागली. वकीलबाईंनी माझा हात हातात घेऊन दाबला. भावानं सगळ्यांना नमस्कार केला, आणि आम्ही गावाकडं आलो.

मला आनंद झाला नाही असं नाही. पण घरी पोचेपर्यंत तो आनंद आंबला होता. संशयाचा फायदा! साडेपाच वर्षं माणसाला पिळून काढायचं आणि शेवटी फायदा दिला म्हणायचं. जसं काही सवलत दिली. ओट्यावर बसून मी चहाचा कप हातात घेऊन बोलत सुटले. ‘यानं मारलं नाही’ हे तीन शब्द लिहायला काय झालं होतं? गाव आता काय म्हणणार, सुटला. मारणाऱ्यांत नव्हताच, असं कोण म्हणणार? उद्या पोरीचं लग्न काढलं की लोक म्हणणार, बाप संशयावर सुटलाय. माझा आवाज गल्लीत जात होता आणि जावा असंच मला वाटत होतं.

भाऊ खांबाला टेकून ऐकत होता. निकालाची प्रत त्याच्या मांडीवर होती.

“आक्का,” तो म्हणाला, “त्येनी निदान एवढं तरी लिवलं की.”

“एवढं म्हंजे काय? अर्धवट लिवलंय.”

“अर्धवट तर अर्धवट. तू काय म्हणलीस?”

“मी? मी काय म्हणले? मी साडेपाच वर्सं काय केलं मग?”

“केलंस की. लई केलंस. तुझ्यामुळं सुटलो, न्हाई म्हणत न्हाई.” तो प्रत गुंडाळत होता, उलगडत होता. “त्यो जावई काय म्हणला ते तू टाईप केलंस. हवालदार, डॉक्टर, पंच, समद्यांचं केलंस. मला तू कवा इचारलं न्हाईस.”

“काय इचारलं न्हाई?”

“मी मारलं का म्हणून.”

चुलीपाशी त्याची बायको भांडं खाली ठेवता ठेवता थांबली.

तो खरं बोलत होता. मी विचारलं नव्हतं. पोलिसांनी त्याला नेलं त्या दिवसापासून एकदाही नाही. वकीलबाईंनी सांगितलं तो आपला प्रश्नच नाही, आणि मला हायसं वाटलं, कारण तो प्रश्न मला विचारायचाच नव्हता. वीस वर्षांचा असताना त्यानं पाण्याच्या पाळीवरून एकाच्या मनगटावर खोऱ्याचा दांडा घातला होता. हाड मोडलं होतं. वडिलांनी त्या माणसाच्या पाया पडून ते मिटवलं. आमच्या घरात राग सगळ्यांच्याच नाकावर, माझ्याही. त्याचा फोन आला नाही, त्याच्या बायकोचा आला, तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते ते मनगट. ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. त्याच्यावर पांघरूण घालून मी जावयावर, पोलिसांवर, वकिलांवर, न्यायाधीशांवर साडेपाच वर्षं तोंड सोडलं. सगळे म्हणायचे, बहीण असावी तर अशी.

“मग आता सांग की,” मी म्हटलं. माझा आवाज खाली आला होता.

“आता कशाला?” तो म्हणाला. “आता तू सांग. तुला काय वाटतंय?”

त्यानं मारलं नाही, हे मी आज कुणालाही, कुठंही, छातीठोकपणे सांगते. इथंही लिहिते आहे, त्यानं मारलं नाही. पण त्या दुपारी ओट्यावर त्यानं विचारलं तेव्हा मला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला. फार नाही, एक श्वास घेईपर्यंतचा. तेवढा वेळ तो माझ्या तोंडाकडं बघत होता.